डुकरांचे जंत आणि अंगणांतील माती

पाली म्हटलें कीं बल्लाळेश्वराचें देऊळ, त्याच्या पाठीशीं उभा असलेला सरसगड आणि जवळून वाहणारी अंबा नदी डोळ्यांपुढें येते. भोर संस्थानाच्या काळापासून सुधागड तालुक्याचें हें मुख्य ठिकाण. 1948 सालीं संस्थान विलीन झालें, तालुका कुलाबा जिल्ह्यांत आला आणि 1981 सालीं त्या जिल्ह्याचेंच नांव रायगड झालें. अशा तीर्थक्षेत्राच्या संदर्भांत डुकराचा आणि त्याच्या पोटांतल्या जंतांचा विषय काढणें कांहीं श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. पण ज्या प्राण्याला दशावतारांत तिसरें स्थान मिळालें, त्याला गांवांत मात्र हाडहूड करून हांकलण्यापलीकडे कोणी विचारांत घेत नाहीं, हें त्याहूनहि चमत्कारिक आहे. डुकराकडे लक्ष न दिल्याची किंमत जो डुक्कर पाळतो तोच केवळ मोजतो असें नाहीं. शेजारच्या अंगणांत मातीशीं खेळणारें मूलहि ती कधीं कधीं मोजतें.

या मुलुखांत डुकरें दोन तऱ्हांचीं. एक रानडुक्कर. सुधागड, सरसगड आणि सह्याद्रीच्या उतरणीवरील जंगलांत त्याची वस्ती आहे. आश्विन-कार्तिकांत भात पिवळें पडूं लागलें कीं कळप रात्रीं खालीं उतरतात, खाल्लें त्याच्या दुपटीनें तुडवितात आणि कंदांसाठीं व गांडुळांसाठीं बांध उकरून ठेवतात. माळ्यावर बसून डबा वाजवीत राखण करणाऱ्या शेतकऱ्याला त्याची ओळख नव्यानें करून देण्याची गरज नाहीं. दुसरें पाळीव डुक्कर. महाराष्ट्रांत वडार, कैकाडी अशा कष्टकरी जमातींनीं तें पिढ्यान्‌पिढ्या संभाळलें, आणि गोमंतकांत तर तें घरोघरचें जनावर होतें. शास्त्राच्या दृष्टीनें हीं दोन्ही एकाच जातीचीं. म्हणूनच एकाचा रोग दुसऱ्याला होण्यास आडकाठी नाहीं, आणि जंतांच्या बाबतींत तर मुळींच नाहीं.

हा जंत लांबट, गोल, दोन्ही टोकांना निमुळता आणि पांढरट गुलाबी रंगाचा असतो. पहिल्यानें पाहणाऱ्यास तो मोठ्या गांडुळासारखा वाटतो. मनुष्याच्या पोटांतील अशाच जंताला लिनिअसनें 1758 सालीं जें शास्त्रीय नांव दिलें त्यांतहि गांडुळाचाच उल्लेख आहे. डुकरांतील जंताला त्याचें निराळें नांव गोत्से या जर्मन अभ्यासकानें 1782 सालीं दिलें: अ‍ॅस्कॅरिस सूम. मादी वीस ते पस्तीस, क्वचित् चाळीस सेंटिमीटर लांब भरते. नर तिच्याहून आंखूड आणि शेपटाकडे वळलेला असतो. याला अंकुशकृमीप्रमाणें दांत किंवा आंकडे नाहींत, आंतड्याला चिकटून राहण्यासाठीं चोषकहि नाहींत. तोंडाशीं तीन ओंठ तेवढे असतात. लहान आंतड्याच्या भिंतींना रेलून, अन्नाच्या प्रवाहाच्या उलट सतत पोहत तो आपली जागा धरून राहतो आणि आश्रयदात्याच्या पचलेल्या अन्नावर आयतें पोट भरतो. घरांत घुसलेल्या पाहुण्यानें ताटाशेजारीं न बसतां थेट ताटांतच बसावें, तशांतला हा प्रकार.

खरी काळजी करावयाची ती जंताची नव्हे, त्याच्या अंड्यांची. एक मादी दिवसाकांठीं दोन लाखांच्या घरांत अंडीं घालते, आणि डुकरांतील मादी याहूनहि कितीतरी अधिक घालते असे हिशेब आहेत. कमींत कमी आंकडा धरला तरी, ज्या डुकराच्या पोटांत पांच माद्या आहेत त्याच्या विष्ठेंतून रोज दहा लाख आणि महिन्यांत तीन कोटि अंडीं बाहेर पडतात. अंडें इतकें बारीक कीं अशीं पंधरा-वीस अंडीं ओळीनें ठेवलीं तरच एक मिलिमीटर भरावा. त्याला एकावर एक अशीं कवचें असतात. सर्वांत आंतलें स्निग्ध, त्यावर टणक, आणि बाहेरून खडबडीत व चिकट. हा चिकटपणा क्षुल्लक मानूं नये. डुकरिणीच्या कासेला, माणसाच्या चपलेला, कुदळीच्या पात्याला, मुळ्याच्या पानाला अंडीं चिकटतात तीं त्यामुळेंच. आणि आंतल्या स्निग्ध कवचामुळें साधीं औषधी पाणीं आंत शिरत नाहींत. प्रयोगशाळेंत हीं अंडीं पातळ फॉर्मॅलिनमध्यें किंवा पातळ गंधकाम्लांत ठेवून वाढवितात. इतर जंतु त्यांत मरतात, हीं सुखानें वाढतात! डुकरांच्या वाड्यांत फिनेल शिंपडून निश्चिंत होणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

बाहेर पडलेलें अंडें लगेच बाधक नसतें. आंत अळी तयार होऊन ती संसर्गक्षम होण्यास ऊब, ओल आणि हवा लागते, व उबदार जमिनींत त्याला साधारण तीन-चार आठवडे पुरतात. थंड देशांत हिवाळ्यांत ही वाढ थांबते. तेथील शेतकऱ्याला निसर्ग निदान कांहीं महिने उसंत देतो. कोंकणांत ती उसंत नाहीं. सुधागडाच्या पट्ट्यांत पावसाळ्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि थंडीच्या दिवसांतहि माती इतकी गार होत नाहीं कीं अंड्याची वाढ खुंटावी. उन्हाळ्यांतील कडक ऊन आणि कोरडेपणा हेच येथें त्याचे शत्रु. उघड्या खडकावर पडलेलीं अंडीं वैशाखांत सुकून मरतात. परंतु गोठ्यामागच्या सावलींत, सांडपाण्याच्या खड्ड्यांत, केळीच्या बुंध्याशीं पडलेलीं तशींच टिकतात. सोयीच्या जागीं तीं वर्षानुवर्षें जिवंत राहतात, हें अनेक निरीक्षणांनीं सिद्ध झालें आहे. भाताच्या रोपासाठीं कोंकणांत राब भाजतात, त्या आंचेखालीं तीं खचित मेलीं असतीं. पण राब भाजला जातो शेताच्या तुकड्यावर, डुकराच्या लोळण्याच्या जागेवर नव्हे.

आंत अळी तयार झालेलें अंडें डुकराच्या पोटांत गेलें म्हणजे पुढें काय होतें, याचा शोध लागण्यास फार काळ लागला. अंडें फुटावें, अळी तेथेंच वाढावी आणि जंत व्हावा, असा सरळ तर्क सगळे करीत. आणि तो चुकीचा होता. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर एफ्. एच्. स्ट्यूअर्ट यांनीं 1916 सालीं उंदरांना हीं अंडीं खाऊं घातलीं तेव्हां उंदीर फुप्फुसाच्या विकारानें आजारी पडले, आणि अळ्या सांपडल्या त्या त्यांच्या यकृतांत व फुप्फुसांत. उंदीर हा या जंताचा मधला यजमान असावा, असें स्ट्यूअर्टना प्रथम वाटलें. पुढें अमेरिकेंत रॅन्सम व फॉस्टर यांनीं दाखविलें कीं मध्यस्थाची मुळींच गरज नाहीं. डुकराच्या अंगांतच अळी हा सारा प्रवास करते. आंतड्यांत अंडें फुटतें, अळी आंतड्याची भिंत भेदून रक्तांत शिरते आणि दिवसाभरांत यकृतांत पोंचते. आठवड्याच्या आंतबाहेर ती फुप्फुसांत येते, तेथून श्वासनलिकेनें वर घशाशीं चढते, खोकल्याबरोबर गिळली जाते आणि पुन्हा आंतड्यांत उतरते. जेथून निघाली तेथेंच परत. पण मधल्या वाटेवरील प्रत्येक गांव लुटून. त्यानंतर तिचा पूर्ण वाढलेला जंत होऊन तो अंडीं घालूं लागेपर्यंत, संसर्गाच्या दिवसापासून सहा ते आठ आठवडे गेलेले असतात.

जपानांत शिमेसु कोइनो या डॉक्टरानें 1922 सालीं हा प्रवास स्वतःच्या देहावर पडताळून पाहिला. त्यानें मनुष्याच्या जंताचीं दोन हजार अंडीं गिळलीं आणि त्याच्या धाकट्या भावानें डुकराच्या जंताचीं पांचशें. कोइनो फुप्फुसदाहानें अंथरुणाला खिळला, आणि त्याच्या थुंकींत अळ्या सांपडल्या. विज्ञानासाठीं असें धाडस करावें कीं नाहीं, याबद्दल मतभेद होऊं शकतो. त्यानंतर मात्र अळी फुप्फुसांतून जाते कीं नाहीं, याबद्दल मतभेद उरला नाहीं.

हा प्रवास एवढ्या विस्तारानें सांगण्याचें कारण असें कीं पिलांचें नुकसान मुख्यतः या वाटेवरच होतें. दीड-दोन महिन्यांचें पिलूं धापा टाकूं लागतें, त्याच्या कुशी भात्यासारख्या हलतात, खोकला लागतो. पाळणारा म्हणतो पावसाची सर्दी झाली. अळ्यांनीं जखमा केलेल्या फुप्फुसांत दुसरे रोगजंतु सहज घर करतात, आणि अशक्त पिलूं दगावतें. जगलेलें पिलूं खातें पुष्कळ, पण अंगीं लागत नाहीं. पोट नगाऱ्यासारखें, पाठीचा कणा वर आलेला, केस राठ. बरोबरीचीं निरोगी भावंडें विक्रीस योग्य झालीं तरी हें अर्धेंमुर्धेंच राहतें. कधीं जंतांचा गोळा होऊन आंतडें बंद पडतें, कधीं एखादा जंत पित्ताच्या नळींत शिरतो आणि जनावर पिवळें पडतें. कापल्यावर यकृतावर दुधाचे थेंब सांडावेत तसे पांढरे डाग दिसतात. अळ्या गेलेल्या वाटेवरील ते व्रण होत. असें यकृत खाटिकखान्यांत टाकून द्यावें लागतें. दोन डुकरिणींवर संसाराचा भार असलेल्या कुटुंबाला एका विणींतलीं तीन-चार पिलें खुरटणें म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर मुलांची पुस्तकें किंवा छपराचीं कौलें रद्द होणें होय. वय वाढलेल्या डुकरांत प्रतिकारशक्ति येते, त्यांच्यांत बाह्य लक्षण फारसें दिसत नाहीं. म्हणून मोठें डुक्कर ठणठणीत आहे, तेव्हां जागा निर्मळ आहे, हा हिशेब फसवा ठरतो.

डुकराचा जंत माणसाला होतो काय, हा प्रश्न पाळणाराहि विचारतो आणि न पाळणारा अधिक घाईनें विचारतो. उत्तर असें कीं, होतो. मनुष्याचा जंत आणि डुकराचा जंत यांत इतकें साम्य आहे कीं कांहीं शास्त्रज्ञ त्यांना एकच जाति मानतात. इतर त्यांना अगदीं जवळच्या दोन जाती समजतात. डुकराच्या जंतांना माणसांत पूर्ण वाढ होण्यास नेहमींच यश येत नसलें तरी यकृत-फुप्फुसांतील प्रवास ते करूं शकतात. कॅनडांत माँट्रिऑलजवळ 1970 सालीं एका वसतिगृहांत घडलेली हकीगत प्रसिद्ध आहे. एका विद्यार्थ्यानें सूडबुद्धीनें सहनिवासी विद्यार्थ्यांच्या जेवणांत डुकराच्या जंताचीं असंख्य अंडीं मिसळलीं. चौघेजण दम्यासारख्या विकारानें रुग्णालयांत पोंचले, आणि त्यांतील कांहींची प्रकृति फारच बिघडली. सूडाची गोष्ट सोडली तरी अमेरिकेंतील मेन राज्यांत 2010 ते 2013 या काळांत छोट्या शेतांवर डुकरें पाळणाऱ्या कुटुंबांत जंतांची बाधा आढळली. तेथें पक्कीं घरें व शौचकूप असूनहि हें घडलें. मुलांचे हात वाड्यांतील मातीला लागत होते, एवढें त्याला पुरें झालें.

गोमंतकांतील जुनी रीत याच संदर्भांत आठवते. तेथें पूर्वीं पुष्कळ घरांच्या मागें शौचस्थान थोड्या उंचीवर बांधीत आणि खालीं डुकरें मोकळीं असत. मैला डुकरांनीं खाल्ला म्हणजे जागा आपोआप साफ झाली, अशी समजूत होती. डोळ्यांना ती साफ दिसे हें खरें. पण मनुष्याच्या विष्ठेंतील जंतांचीं अंडीं डुकराच्या आंतड्यांतून बव्हंशीं जशींच्या तशीं बाहेर पडतात, आणि डुक्कर तर दिवसभर गांवभर हिंडतें. एका खड्ड्यांत राहिलीं असतीं तीं अंडीं विहिरीच्या कांठापर्यंत आणि भाजीच्या वाफ्यापर्यंत जाऊन पोंचत. याच वाटेनें फीतकृमीचीहि सोय होई. डुकराला त्याच्या अळ्यांची बाधा होते आणि अर्धकच्च्या मांसांतून ती माणसाकडे परत येते. पक्के शौचकूप आल्यावर ही रीत मागें पडली. गोमंतकाच्या स्थानिक डुकरांना ‘आगोंद गोंयकार’ असें मानाचें नांव मिळून राष्ट्रीय स्तरावर स्वतंत्र जातीची नोंद झाली आहे. म्हणजे जनावर टिकलें आणि घाण गेली. असा योग क्वचितच जुळतो.

येथें दोन समजुतींचा निकाल लावणें इष्ट आहे. डुकराचें मांस खाल्लें म्हणजे गोल जंत होतात, ही पहिली. ती खरी नाहीं. मांसांतून येतो तो फीतकृमि. गोल जंत येतो मातींतून, अंड्यांच्या द्वारें. त्यामुळें जन्मांत मांस न शिवलेल्या घरांतील मुलालाहि तो होतो, आणि न धुतलेली कोथिंबीर त्यास पुरेशी होते. दुसरी समजूत गुळासाखरेची. मूल झोपेंत दांत खाऊं लागलें कीं आजी म्हणते, गोड फार झालें, पोटांत जंत पडले. आजीचें निदान कधीं बरोबर निघतें, कारणमीमांसा मात्र नाहीं. गूळ खाल्ल्यानें जंत निर्माण होत नाहींत. गूळ ज्या हातानें खाल्ला त्या हाताच्या नखांत काय होतें तें पाहिलें पाहिजे.

उपायांचा विचार करतांना चरकाचें स्मरण होतें. विमानस्थानांत त्यानें कृमींवरील चिकित्सा तीन प्रकारची सांगितली: अपकर्षण, म्हणजे कृमि बाहेर काढणें, प्रकृतिविघात, म्हणजे त्यांना मानवणारी परिस्थिति मोडणें, आणि निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणानें ते होतात तें कारण टाळणें. माणसांसाठीं केलेली ही विभागणी डुकरांच्या वाड्याला तंतोतंत लागू पडते. पण बहुतेक पाळणारे पहिल्याच पायरीवर थांबतात.

अपकर्षणाचीं साधनें आतां विपुल आहेत. पूर्वीं वावडिंग, पळसपापडी, किरमाणी ओवा यांवर भिस्त होती. किरमाणी ओव्यापासून काढलेलें सँटोनीन जगभर वापरलें जाई आणि त्याचें प्रमाण चुकल्यास विषबाधाहि होई. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पायपरॅझिन आलें, मग लेव्हामिसोल, फेनबेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन. शेवटच्या औषधाचें मूळ जपानांतील मातींत सांपडलेल्या एका सूक्ष्म जीवांत आहे, आणि त्या शोधासाठीं सातोशी ओमुरा व विल्यम कँपबेल यांना 2015 सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. पशुवैद्याच्या सल्ल्यानें, वजनाच्या मापानें दिलेलें औषध जंत पाडतें यांत शंका नाहीं. परंतु तें मातींतील एकाहि अंड्याला मारीत नाहीं. सकाळीं औषध, दुपारीं त्याच चिखलांत लोळण. आठ आठवड्यांनीं पुन्हा तेंच पोट. औषधावर खर्च करून वाडा तसाच ठेवणें म्हणजे होडींतलें पाणी उपशीत बसणें आणि भोंक न बुजविणें.

भोंक बुजविण्याची पद्धत अमेरिकेंतील इलिनॉय राज्याच्या मॅक्लीन परगण्यांत 1919 च्या सुमारास रॅन्समच्या मार्गदर्शनाखालीं आंखली गेली, आणि ती त्या परगण्याच्या नांवानेंच ओळखली जाते. तिच्यांत महाग असें कांहींच नाहीं. विण्यापूर्वीं वाडा खरवडून काढावयाचा आणि उकळत्या क्षारयुक्त पाण्यानें धुवावयाचा. डुकरीण आंत घेण्यापूर्वीं तिचें अंग, विशेषतः कास, साबणाच्या पाण्यानें स्वच्छ करावयाची; कारण पिलूं पहिल्या घोटाबरोबर दूध पितें तसेंच कासेला चिकटलेलीं अंडींहि पितें. मग मायलेंकरें जुन्या चिखलांतून चालवीत न नेतां, उचलून, जेथें डुकरें पूर्वीं ठेवलीं नव्हतीं अशा चरणीवर न्यावयाचीं आणि पिलें चार महिन्यांचीं होईपर्यंत तेथेंच ठेवावयाचीं. त्या वेळीं आजच्यासारखीं औषधें नव्हतीं. तरी पिलांची मर घटली आणि खुरटलेलीं पिलें विरळा झालीं. ज्या परिस्थितींत जंत पोसतो ती परिस्थितीच मोडली होती.

पालीकडील पाळणाऱ्याजवळ रिकामीं कुरणें नसतात, हें मान्य. पण उतार असलेली जमीन आहे, जांभा दगड आहे आणि वैशाखाचें ऊन आहे. जमिनीवर दगडी किंवा सिमेंटची फरशी, तिला उतार, आणि रोजच्या रोज विष्ठा उचलणें इतकें झालें तरी अंड्याला लागणारे तीन आठवडे त्याला मिळत नाहींत. उचललेली विष्ठा पालापाचोळा व गवताबरोबर ढिगांत रचून वरखालीं करीत राहिल्यास ढिगांत जी उष्णता उत्पन्न होते ती पंचावन्न अंशांवर कांहीं दिवस टिकतांच अंडीं मरतात; त्यानंतरच तें खत वाफ्याला घालावें. ताजी विष्ठा भाजीला घालणें मात्र सर्वथा वर्ज्य. विण्यापूर्वीं एक-दोन आठवडे डुकरिणीला औषध आणि मग तिची धुलाई. पिलांना दूध तोडतांना औषध, व पुढें पशुवैद्य सांगेल त्या अंतरानें. फरशी धुण्यास फिनेलपेक्षां आधणाचें पाणी कितीतरी गुणकारी. रानडुकरांचा उपद्रव असेल तेथें वाड्याला भक्कम कुंपण हवें, म्हणजे रानांतला आणि घरांतला संसर्ग एकमेकांत मिसळणार नाहीं.

घरांतील मुलांच्या बाबतींत सरकारी व्यवस्था आहे. 2015 सालापासून फेब्रुवारीच्या 10 तारखेस राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि शाळांतून व अंगणवाड्यांतून मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. डुकरांसाठीं असा दिवस नाहीं, आणि 2019 च्या पशुगणनेप्रमाणें भारतांत त्यांची संख्या 90 लाख भरली होती. ज्या घरीं दोन्ही आहेत तेथें गोळीचा आणि वाडा खरवडण्याचा मुहूर्त एकच धरण्यास हरकत नाहीं. फेब्रुवारींत माती कोरडी होत आलेली असते, पुढें तीन महिने कडक ऊन मिळतें, आणि मृग लागण्यापूर्वीं नवी फरशी वाळून तयार होते.